वळिवड्याचा प्रश्न घेऊन तीन पोलिश शहरांत: एका अभ्याससहलीचं प्रकरण

कोल्हापूरहून पोलंडला अभ्याससहल नेणार म्हटल्यावर आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न होता, "पोलंडच का?" पालक विचारायचे, सहकारी विचारायचे, व्हिसाचे कागद पाहणारा एजंटही विचारायचा. लंडन, पॅरिस, रोम सोडून हे मध्येच कुठून आलं, असा त्यातला सूर. बाकी कुणाला हा प्रश्न पडला तर समजू शकते, पण कोल्हापूरकरांना पडावा याचं मला वाईट वाटतं. वळिवडे शहराच्या अगदी शेजारी आहे, आणि १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांची शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. ज्यांचं कोल्हापुरात निधन झालं, त्यांच्या कबरी आजही शहरात आहेत.

ही सहल कशी आखली, कुठे काय ठरवलं, काय साधलं आणि काय अपुरं राहिलं, हे इथे सविस्तर मांडते आहे. परदेशी अभ्याससहली काढणाऱ्या इतर शिक्षकांना त्यातून काही घेता आलं तर आनंद आहे. गट लहान होता. त्यात आमच्याकडचे इतिहासाचे विद्यार्थी होते आणि शेजारच्या महाविद्यालयातले वास्तुकलेचे काही जण. आमच्या विद्यार्थ्यांत कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची एक मुलगी होती. तिचा उल्लेख पुढे बऱ्याचदा येईल, कारण सहलीला खरी दिशा तिच्या प्रश्नांनी दिली.

प्रश्न कुठून आला

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. पुढच्या दोन वर्षांत तिथल्या लाखो माणसांना मालगाड्यांत भरून सैबेरियात आणि कझाकस्तानात पाठवण्यात आलं. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि चित्र पालटलं. ३० जुलैला लंडनमध्ये आश्रय घेतलेलं पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, पोलिश कैद्यांना सोडण्यात आलं. जनरल आंदर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभारलं. १९४२ मध्ये हे सैन्य इराणात उतरलं आणि त्याच्यासोबत हजारो बायकामुलंही बाहेर पडली. पुरुष लढायला गेले, कुटुंबं मिळेल त्या देशात विखुरली. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. कोल्हापूर संस्थानातली वळिवड्याची वसाहत तिच्याहून कितीतरी मोठी होती, पण तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

युद्ध संपलं तेव्हा या माणसांना परत जायला घरच उरलं नव्हतं. त्यांचा मुलूख सोव्हिएत संघात गेला होता. काही जण नव्या सीमांच्या पोलंडमध्ये गेले. पुष्कळ जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे वळले. वसाहत रिकामी झाली त्याच सुमारास फाळणीमुळे सिंध सोडून आलेली कुटुंबं कोल्हापुरात पोहोचत होती. त्यांची सोय पोलिशांनी सोडलेल्या बराकींत झाली. आजचं गांधीनगर, जिथे अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो, ते तिथेच वाढलं.

म्हणजे एका निर्वासितांच्या खोल्यांत दुसरे निर्वासित राहायला आले. पोलंडमधली निम्मी शहरं अशाच अदलाबदलीतून गेली आहेत. वस्तीतली माणसं बदलली की मागे राहिलेल्या भिंतींचं काय होतं, आणि आधीच्या माणसांची आठवण कोण सांभाळतं? एवढा एकच प्रश्न घेऊन जायचं आम्ही ठरवलं.

शहरं कमी करण्यावरून झालेली ओढाताण

सहल आखून देणाऱ्या एका कंपनीचा पहिला आराखडा हातात आला तेव्हा त्यात सात शहरं होती: वॉर्सा, तोरुन, गदान्स्क, पोझनान, व्रोत्सवाफ, क्राकूफ, वूत्श. शिवाय व्येलिच्काची मिठाची खाण आणि ताट्रा पर्वतातला एक मुक्काम. रोज सकाळी सामान बांधायचं, दुपारी चौकात फोटो, संध्याकाळी पुढचं हॉटेल. विद्यार्थ्यांना हाच आराखडा आवडला होता आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. इतका खर्च करून जायचं तर जास्तीत जास्त पाहावं, असं कुणालाही वाटेल.

आम्ही तीन शहरांवर आलो. सगळ्यात जड गेलं ते गदान्स्क सोडताना. दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात तिथल्या वेस्टरप्लाटेवर झाली, १९८० च्या ऑगस्टमध्ये जहाजबांधणी कारखान्यात संप झाला, सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचा जन्म तिथला. प्लायवूडच्या दोन पाट्यांवर रंगवलेल्या कामगारांच्या एकवीस मागण्या आज युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहेत. राज्यशास्त्राची सहल असती तर गदान्स्कपासूनच सुरुवात केली असती. पण ते उत्तरेच्या टोकाला, आणि आमचा प्रश्न पुढे न्यायला व्रोत्सवाफ जास्त उपयोगाचं होतं.

क्रमही विचार करून लावला. आधी क्राकूफ, कारण युद्धात त्या शहराच्या इमारती जवळजवळ शाबूत राहिल्या. मग वॉर्सा, जे जवळपास संपूर्ण पाडलं गेलं आणि पुन्हा बांधलं गेलं. शेवटी व्रोत्सवाफ, जिथली माणसंच बदलली. शाबूत शहर आधी पाहिलं नसतं तर मोडलेल्या शहरात काय गेलं, हे मुलांना कळलं नसतं. विमानाच्या तिकिटांच्या दृष्टीने हा क्रम गैरसोयीचा होता, तरी तो बदलला नाही.

निघण्याआधी सगळ्यांना गांधीनगरात नेलं. जुन्या बराकींच्या ज्या खुणा उरल्या आहेत त्यांची रेखाटनं वास्तुकलेच्या मुलांनी केली, इतिहासाच्या मुलांनी घरोघरी जाऊन विचारपूस केली. त्या दिवशी गांधीनगरची ती मुलगी म्हणाली, "मॅडम, आजोबांना खोली मिळाली हे घरात शंभरदा ऐकलंय. पण त्या खोलीत आधी कोण राहायचं, हे आम्ही कधी विचारलंच नाही की."

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं.

क्राकूफ: इमारती आहेत, माणसं नाहीत

क्राकूफमध्ये पहिल्या दिवशी मुलं हरखून गेली. १२५७ च्या सनदेनुसार आखलेला, सुमारे दोनशे मीटर बाजूचा तो चौक, मधोमध सुकियेनित्से हा जुना कापडबाजार, सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला वाजणारी आणि मध्येच तुटणारी तुतारी, वावेलचा किल्ला. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी काढली तेव्हा क्राकूफ तिच्यात होतं. या सगळ्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे थांबत नाही. फक्त यागेलोनियन विद्यापीठाची एक गोष्ट सांगते. ते १३६४ मध्ये स्थापन झालं. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी जर्मन अधिकाऱ्यांनी प्राध्यापकांना व्याख्यानाच्या नावाखाली बोलावलं आणि १८३ जणांना तिथल्या तिथे अटक केली. हे ऐकल्यावर आमची मुलं माझ्याकडे आणि सोबतच्या सरांकडे बघायला लागली.

दुसरा दिवस काझिमेश आणि पोदगुझे या भागांसाठी ठेवला होता. युद्धापूर्वी क्राकूफच्या लोकसंख्येत सुमारे एक चतुर्थांश ज्यू होते. काझिमेशमधली त्यांची प्रार्थनास्थळं, गल्ल्या, घरांचे सज्जे अजून उभे आहेत. आज तिथे कॅफे आहेत, पर्यटकांची गर्दी आहे, ज्यू पद्धतीच्या जेवणाच्या पाट्या आहेत. १९४१ च्या मार्चमध्ये तिथल्या ज्यूंना नदीपलीकडे पोदगुझेत भिंतीआड कोंडलं आणि दोन वर्षांत तो घेटो संपवला. बहुतेकांना बेवझेत्सच्या, आउशवित्सच्या छावण्यांत नेऊन मारलं.

ज्या चौकातून त्यांना नेलं, तिथे २००५ मध्ये मोकळ्या जागेत धातूच्या खुर्च्या बसवल्या आहेत. घेटो रिकामा करताना रस्त्यावर फेकलेलं घरसामान त्या सुचवतात. चौकाच्या कडेला ट्रामचा थांबा आहे. तिथल्या लहान खुर्च्यांवर ट्रामची वाट पाहणारी माणसं बसतात. एका मुलाला हे खटकलं. "स्मारकावर असं कसं बसतात?" त्याच्याशी मी वाद घातला नाही, पण माझं मत वेगळं आहे. रोज कामावर जाताना ज्याला त्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो, त्याच्या दिवसात ते स्मारक येतंच. दोरी बांधून ठेवलेल्या पुतळ्याशी त्याचा इतका संबंध आला नसता.

आउशवित्सला जायचं की नाही, यावर आमच्यात सगळ्यात लांब चर्चा झाली होती. तिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यांतले जवळपास १० लाख ज्यू. मी त्या दिवसाचं वर्णन करणार नाही. शिक्षकांसाठी आयोजनाच्या गोष्टी तेवढ्या सांगते. प्रवेशपत्रं नावानिशी आणि बरीच आधी काढावी लागतात, गटाला मार्गदर्शक लागतो, मोठी बॅग आत नेता येत नाही. मुलांनी फोन बसमध्ये ठेवायचे हा नियम आमचा होता. यायचं नसेल त्याने कारण न सांगता मागे राहावं, ही मुभाही आधीच दिली होती आणि एका मुलीने ती घेतली. त्याच दुपारी मिठाची खाण बघायची, अशी जोडसहल सर्रास विकली जाते. ती आम्ही घेतली नाही. संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ पूर्ण मोकळी ठेवली. त्या मोकळ्या सकाळी हॉटेलच्या जेवणघरात मुलं आपण होऊन एकत्र येऊन बसली आणि बोलत राहिली.

वॉर्सा: चित्रं पाहून बांधलेलं शहर

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साने जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला आणि मोडला. त्यानंतर जर्मन तुकड्यांनी शहरातून लोकांना हाकलून दिलं आणि उरलेल्या इमारती एकामागून एक जाळल्या, सुरुंग लावून उडवल्या. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत आणि पोलिश फौजा आत शिरल्या तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग पडलेला होता.

पुढच्याच महिन्यात राजधानी पुनर्बांधणी कार्यालय सुरू झालं. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी सहलीतला सगळ्यात कसदार भाग हाच ठरला. युद्धाआधी वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातल्या मुलांनी जुन्या शहराच्या घरांची मोजमापं आणि रेखाटनं करून ठेवली होती. जर्मन ताब्याच्या काळात प्राध्यापकांनी ती लपवून जपली. उठावानंतर ती शहराबाहेर पिओत्रकुफच्या मठात पोहोचवली. दुसरा आधार होता बेर्नार्दो बेल्लोत्तो या व्हेनिसच्या चित्रकाराचा. अठराव्या शतकात राजा स्तानिस्वाफ आउगुस्त याच्यासाठी त्याने वॉर्साचे रस्ते बारकाईने रंगवले होते. त्या चित्रांच्या प्रती आज राजवाड्याजवळच्या रस्त्यावर ठिकठिकाणी लावल्या आहेत. चित्र बघायचं, मान वर करून इमारत बघायची, असं करत आमची मुलं अख्खा रस्ता चालली. खिडक्यांच्या ओळी मोजल्या, कमानी ताडून पाहिल्या.

मग वास्तुकलेचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे हे जुनं शहर आपल्या झेडपीच्या इमारतीपेक्षा जुनं नाही. मग याला वारसा कसं म्हणायचं?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तर द्यायची घाई मी केली नाही. पडलेली वास्तू जशीच्या तशी परत बांधू नये, हा जतनशास्त्राचा सर्वसाधारण नियम. यान झाख्वातोविच यांच्या हाती वॉर्साच्या वास्तूंचं काम होतं. एखाद्या लोकांची स्मृती पुसण्यासाठी शहर ठरवून उद्ध्वस्त केलं जातं तेव्हा हा नियम पुरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. जुन्या शहराचा मुख्य चौक १९५३ मध्ये उभा राहिला. राजवाडा परत बांधायचं मात्र १९७१ मध्ये ठरलं. १९८० मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती पुनर्बांधणीचं उदाहरण म्हणूनच.

मला या कामाबद्दल अपार आदर आहे. तरीही बांधणाऱ्यांनी काय निवडलं, तेही मुलांना दाखवायलाच हवं होतं. एकोणिसाव्या शतकात घरांवर चढलेले मजले आणि मागच्या अंगणांत झालेली दाटीची बांधकामं परत आणली नाहीत. सतराव्या-अठराव्या शतकाचा चेहरा पसंत केला आणि त्यामागे नव्या सोयींची घरं बांधली. शिवाय बेल्लोत्तो चित्रकार होता, रचनेसाठी तो इमारतींत बदलही करायचा. म्हणजे आज दिसणारं जुनं वॉर्सा हे पूर्वीच्या शहराबद्दल १९५० च्या दशकातल्या माणसांनी घेतलेलं मत आहे. हे पटल्यावर त्या मुलाने नव्याने रेखाटनं सुरू केली. एकाच घराच्या तीन आवृत्त्या त्याने शेजारी शेजारी काढल्या: चित्रातली, युद्धापूर्वीच्या छायाचित्रातली आणि आजची. सहलीत झालेल्या कामांतलं हे मला सर्वोत्तम वाटतं.

जुन्या शहरापासून चालत थोड्या अंतरावर मुरानुफ आहे. वॉर्साचा घेटो मुख्यतः इथे होता. त्यात एके काळी चार लाखांहून जास्त माणसं कोंडलेली होती. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतल्या बहुतेकांना त्रेब्लिंकाला नेऊन मारलं. १९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्यांनी उठाव केला, आणि तो चिरडून जर्मनांनी हा भाग भुईसपाट केला. युद्धानंतर इथे राडारोड्याचे इतके ढीग होते की ते हलवणं आवाक्याबाहेरचं होतं. वास्तुकार बोहदान लाखेर्त यांनी त्या ढिगांवरच वसाहत उभी केली. विटाही राडारोडा दळून केलेल्या.

मुरानुफमध्ये मुलांना काहीही न सांगता मी फक्त चालायला लावलं. नेहमीच्या सरकारी वसाहतीसारख्या चार मजली इमारती, झाडं, मुलांची खेळायची जागा. पण रस्त्यापासून इमारतीच्या दारापर्यंत जायला दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. इमारत उंचवट्यावर आणि फुटपाथ खाली. कुठे गवताचा उतार आहे, कुठे आधाराची भिंत. शहर सपाट आहे, मग इथेच चढ का, हे पहिल्यांदा त्या गांधीनगरच्या मुलीच्या लक्षात आलं. ती एका उताराच्या कडेला बसली. पावसाने माती थोडी वाहून गेली होती आणि तिथे लाल विटेचे बारके तुकडे दिसत होते. तिने हात लावला नाही. "हे सगळं त्यांच्या घरांवर उभं आहे ना, मॅडम?" एवढंच विचारलं. लाखेर्त यांना या इमारती गिलावा न करता, राडारोड्याच्या विटांच्या रंगातच ठेवायच्या होत्या, म्हणजे ती जागा विसरली जाणार नाही. पण नंतर भिंतींवर गिलावा चढवला गेला.

पोलिन हे पोलिश ज्यूंच्या हजार वर्षांच्या इतिहासाचं संग्रहालय इथेच आहे. त्याला निदान एक पूर्ण दिवस द्यावा. घाईत बघितलं तर विद्यार्थी फक्त विनाशाचं दालन लक्षात ठेवतात. त्याआधीची नऊशे वर्षांची जगती वस्ती त्यांच्या हातून निसटते.

वॉर्सामधली शेवटची भेट कोल्हापूरच्या फलकाला. मॉन्टे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूर छावणीचा फलक आहे, २०१७ मध्ये बसवलेला. कोल्हापूर संस्थानाने दिलेल्या आश्रयाबद्दलची कृतज्ञता त्यावर नोंदवली आहे. हा फलक इथेच का, हे मुलांना उलगडून सांगितलं. आंदर्स यांच्या सैन्यातले जे पुरुष १९४४ च्या मे महिन्यात इटलीत मॉन्टे कॅसिनोवर लढले, त्यांच्यातल्या कित्येकांच्या बायका, आया, मुलं तेव्हा आपल्या वळिवड्यात होती. आपल्या गावाचं नाव तिथे वाचताना मुलांचे डोळे भरून आले, आणि माझेही.

व्रोत्सवाफ: घर तेच, घरमालक नवे

व्रोत्सवाफ १९४५ पर्यंत ब्रेसलाउ होतं, जर्मनीतल्या मोठ्या शहरांपैकी एक. हिटलरने त्याला किल्ला जाहीर केलं. वेढा पडला, आणि बर्लिन पडल्यानंतर चार दिवसांनी, ६ मे १९४५ रोजी शहराने शरणागती पत्करली. मग मोठ्या राष्ट्रांनी पोलंडची सीमाच पश्चिमेकडे सरकवली. पूर्वेचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला, पश्चिमेला जर्मनीचा भाग पोलंडला मिळाला. पुढच्या काही वर्षांत ब्रेसलाउमधल्या जर्मनांना घालवून देण्यात आलं आणि त्यांच्या घरांत पोलिश माणसं आली. मध्य पोलंडमधून पुष्कळ आली. ल्वुफ (आजचं युक्रेनमधलं ल्विव) आणि आसपासच्या मुलखातूनही आली. वळिवड्याच्या पुष्कळ कुटुंबांचा मुलूख हाच. म्हणजे एकाच गावातल्या दोन भावांपैकी एकाचं कुटुंब वळिवड्याच्या बराकीत आणि दुसऱ्याचं ब्रेसलाउच्या फ्लॅटमध्ये, असं सहज घडू शकत होतं.

ल्वुफहून माणसांबरोबर शहराचा ऐवजही आला. १८१७ मध्ये तिथे स्थापन झालेल्या ओसोलिनेउम ग्रंथालयाच्या संग्रहाचा एक भाग आला. रात्सवावित्सेच्या लढाईचं पंधरा मीटर उंच आणि एकशे चौदा मीटर लांब वर्तुळाकार चित्र आलं. रशियाविरुद्धच्या विजयाचं चित्र सोव्हिएत छायेत दाखवणं अडचणीचं, त्यामुळे ते १९८५ पर्यंत लोकांसमोर आलं नाही. नाटककार अलेक्सांदर फ्रेद्रो यांचा पुतळा आला आणि १९५६ मध्ये मुख्य चौकात बसला. पूर्वी त्याच जागी प्रशियाच्या राजाचा अश्वारूढ पुतळा होता.

आलेल्या माणसांना मात्र बरीच वर्षं हे शहर आपलं वाटेना. जर्मन परत येतील ही धास्ती होती. सरकार सांगत होतं की ही मुळची पोलिश भूमी, ती परत मिळवली आहे. भिंतींवरचे, दुकानांवरचे जर्मन शब्द खरवडून काढले गेले. वॉर्सासाठी विटा हव्यात म्हणून इथून विटांच्या गाड्या भरून गेल्या, आणि त्यासाठी दुरुस्त होण्याजोग्या इमारतीही पाडल्या गेल्या. वॉर्साचं जुनं शहर बघून भारावलेल्या आमच्या मुलांना ही गोष्ट इथे कळली. त्यानंतर रात्रीच्या जेवणावर वाद पेटला.

"युद्ध त्यांनीच सुरू केलं होतं. त्यांच्याबद्दल वाईट का वाटून घ्यायचं?" एकाने विचारलं.

"त्या घरातल्या म्हातारीने सुरू केलं होतं काय?" दुसरा.

मी मध्ये पडले ती तथ्यांपुरती. जर्मनांना घालवलं ते नाझी राजवटीच्या अनन्वित अत्याचारांनंतर, हा क्रम कधीही उलटा सांगायचा नाही. आणि घालवल्या गेलेल्यांतही लहान मुलं होती, हेही दडवायचं नाही. १९६५ मध्ये पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिलं, "आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो" अशा आशयाचं. ते लिहिण्यात पुढाकार व्रोत्सवाफच्या बोलेस्वाफ कोमिनेक यांचा होता. युद्ध संपून तेव्हा अवघी वीस वर्षं झाली होती आणि या पत्रावरून पोलंडमध्ये सत्ताधाऱ्यांनी मोठा गहजब केला होता. कोमिनेक यांचा पुतळा आज शहरात आहे.

नादोद्झे भागातल्या जुन्या चाळवजा इमारतींत आम्ही अर्धा दिवस फिरलो. तिथे गिलावा उडालेल्या एका भिंतीवर जुन्या दुकानाची जर्मन अक्षरं वर आली होती, अर्धी पुसलेली. मुलांनी ती कागदावर उतरवून घेतली. तळमजल्यावर केशकर्तनालय होतं. तिथल्या बाईंना आमच्या पोलिश मार्गदर्शिकेने विचारलं, ही अक्षरं रंगवून का टाकत नाही? त्या म्हणाल्या, माझ्या आईने टाकली असती, मला तसं वाटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गेल्यामुळे १ नोव्हेंबर व्रोत्सवाफमध्ये पडेल, असं आम्ही मुद्दाम जुळवलं होतं. त्या दिवशी पोलंडमध्ये दुकानं, संग्रहालयं बंद असतात आणि अख्खा देश दफनभूमीत असतो. कुटुंबच्या कुटुंबं कबरी धुतात, फुलं ठेवतात, काचेच्या भांड्यातले दिवे लावतात. साडेचारच्या आसपास अंधार पडतो आणि मैलभर दिवेच दिवे दिसतात. ग्राबिशिनच्या मोठ्या दफनभूमीत आम्ही गर्दीबरोबर चालत होतो. मार्गदर्शिकेने सांगितलं की १९४५ मध्ये इथे आलेल्यांना या दिवशी जायला जागाच नव्हती. त्यांची माणसं पूर्वेला पुरलेली होती, जिथे सीमेपलीकडे जाणं शक्य नव्हतं, आणि इथे आजूबाजूला सगळ्या परक्यांच्या कबरी. पुढे बहुतेक जर्मन दफनभूमी मोडल्या गेल्या, दगड इतर कामांना वापरले. २००८ मध्ये शेजारच्या बागेत उरल्यासुरल्या जर्मन शिळा रचून एक भिंत उभारली, सामायिक स्मृतीचं स्मारक म्हणून. त्या संध्याकाळी तिच्या पायथ्याशीही दिवे होते.

गांधीनगरच्या मुलीने तिथे उभ्या उभ्या विचारलं, "कोल्हापुरातल्या पोलिश कबरींवर आज कुणी गेलं असेल?"

साम्य कुठे संपतं

परतल्यावर अहवाल लिहिताना पहिला धोका दिसला तो सगळं एकाच मापाने मोजण्याचा. "ब्रेसलाउ म्हणजे पोलंडचं गांधीनगर," असं दोघा-तिघांनी लिहिलं. ते मी परत लिहायला लावलं. सिंधी कुटुंबांनी वळिवड्यातून कुणाला घालवलं नव्हतं. पोलिश माणसं आधी निघून गेली, जागा रिकामी होती. मुळात ती बराक त्यांचीही कायमची नव्हती. ब्रेसलाउमध्ये पहिले काही महिने जर्मन आणि पोलिश कुटुंबं एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात राहिली आणि मग एक कुटुंब हाकललं गेलं. काझिमेशची घरं रिकामी झाली ती तिथल्या माणसांना मारून टाकल्यामुळे. या तीन गोष्टी एका ओळीत बसवणं म्हणजे तिन्हींवर अन्याय. साम्य शोधायला मुलं लवकर शिकतात. ते नेमकं कोणत्या पायरीवर तुटतं हे दाखवायला त्यांना वेळ लागतो. माझ्या मते गुण याच कामाला द्यावेत, आणि आम्ही तसेच दिले.

व्यवहारातल्या दोन-चार गोष्टी. शाकाहारी मुलांची अजिबात आबाळ झाली नाही. बार म्लेच्नी म्हणतात त्या साध्या, स्वस्त खाणावळींत बटाटा आणि ताज्या चीजचे पिएरोगी (सारण भरून उकडलेल्या करंज्या), बिटाचं सूप, बटाट्याचे पॅनकेक मिळतात. फक्त सूप मांसाच्या पाण्यात केलं आहे का, ते विचारून घ्यावं. तिन्ही शहरांमध्ये रेल्वे उत्तम. वॉर्साहून क्राकूफ अडीच तासांच्या आसपास. नोव्हेंबरची थंडी आणि लवकर पडणारा अंधार धरून दिवसाचं काम सकाळीच उरकावं.

अपुरं राहिलं ते ल्वुफ, म्हणजे आजचं युक्रेनमधलं ल्विव. ओसोलिनेउमच्या संग्रहाचा दुसरा भाग तिथेच आहे. वळिवड्याच्या आणि व्रोत्सवाफच्या कितीतरी कुटुंबांची मूळ दारं त्या शहरात आणि त्याच्या आसपासच्या गावांत आहेत, आणि त्या दारांतून आज युक्रेनियन माणसं ये-जा करतात. त्यांचीही बाजू ऐकायला हवी. युद्धामुळे सध्या तिथे विद्यार्थ्यांना नेता येत नाही. मात्र २०२२ नंतर युद्धातून बाहेर पडलेली युक्रेनियन कुटुंबं व्रोत्सवाफमध्ये मोठ्या संख्येने राहत आहेत. पुढच्या तुकडीसाठी तिथला मुक्काम वाढवून क्राकूफचा एक दिवस कमी करायचा, आणि तिथल्या युक्रेनियन विद्यार्थ्यांबरोबर एक दिवस ठेवायचा, असं आम्ही ठरवलं आहे. त्यासाठीचा पत्रव्यवहार सुरू झाला आहे.